हे कोणाचं?

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की शिक्षकखोलीत आठवडाभर एकच विषय चालतो: कोण कुठे जाऊन आलं. या वर्षी सगळ्यांवर मात केली ती आमच्या एका सहकारी बाईंच्या दिरांनी. ते आखातात नोकरीला आहेत. बायको-मुलांना घेऊन ते स्पेनला गेले आणि कुर्तुबा शहरात, म्हणजे आजच्या कॉर्दोबात, एक अख्खा दिवस फिरले. मोबाईल हातोहात फिरत होता. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, खांबांच्या न संपणाऱ्या रांगा, संत्र्याच्या झाडांचं अंगण, नदीवरचा रोमन पूल. फोटो बघून झाल्यावर बाईंनी मला विचारलं, “आणि तुम्ही?”

मी म्हटलं, “आम्ही कल्याण पाहिलं.”

“अहो, तुम्ही राहताच कल्याणला!”

सगळे हसले, मीही हसले. पण खरंच आम्ही कल्याण पाहिलं. पाण्याच्या बाटल्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून, सात माणसं, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. थोडं ठाणंही पाहिलं. त्या दिवसाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

या सहलीमागे एक कारण होतं. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, लातूरला असते. तिचा मुलगा नववीत आहे. दिवाळीच्या आधी आपाचा फोन आला तेव्हा ती जरा काळजीत होती. पोराने शाळेच्या सहलीला जायला नकार दिला होता. सहल एका किल्ल्यावर होती. त्याला किल्ल्यांचं वेड, तरी तो नाही म्हणाला. खोदून विचारल्यावर कळलं की मागच्या सहलीत वर्गातल्या एका मुलाने त्याला सहज विचारलं होतं, “तुमचं काय आहे रे इथं?” भांडण नाही, मारामारी नाही. नुसता प्रश्न. पण तो प्रश्न पोराने घरी आणला, कुणाला दाखवला नाही आणि उशाखाली ठेवून दिला.

मी शिक्षिका आहे. चौदा वर्षांच्या मुलाला भाषण दिलं की काय होतं ते मला ठाऊक आहे: तो मान हलवतो आणि ऐकत नाही. म्हणून आपाला म्हटलं, भाऊबीज झाली की सगळे इकडे या. आपण फिरू.

लातूरची गाडी पहाटे कल्याणला आली. चहा-नाश्ता करून आम्ही पुन्हा स्टेशनवर. मी, मुलांचे अब्बा, सहावीतली आमची लेक; आपा, दुल्हेभाई, भाचा आणि छोटी भाची. आधी ठाण्याला जायचं, दुपारपर्यंत परत यायचं आणि मग कल्याण, असा बेत होता. मुद्दाम धीमी लोकल घेतली. ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. रोज ज्यांच्या पोटात ही स्टेशनं दचके देतात त्यांना हसू येईल, पण सुट्टीच्या सकाळी खिडकीची जागा मिळाली तर हा प्रवास पाहण्यासारखा आहे.

डोंबिवली आली तेव्हा मी सांगितलं की २०१७ साली इथे नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. भाच्याने सौजन्याने “हौ” म्हटलं. मुंब्रा आलं तेव्हा मात्र तो खिडकीला चिकटला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उभा डोंगर, डोंगराच्या अंगावर मुंब्रादेवीचं देऊळ आणि पायथ्याशी मिनारच मिनार. माझी नणंद इथेच राहते. १९९३ च्या जानेवारीत तिच्या सासरच्यांनी मुंबईतली खोली सोडली आणि इथे आले. तेव्हापासून इथेच. मुंब्र्यातल्या कितीतरी घरांची गोष्ट त्याच वर्षापासून सुरू होते. दुल्हेभाईंना हे माहीत होतं, मुलांना नव्हतं. गाडी एक मिनिटही थांबत नाही, म्हणून मी थोडक्यात सांगितलं. लांब पल्ल्याच्या गाड्या इथे डोंगराला वळसा घालत नाहीत, त्याच्या पोटातून जातात. पारसिकचा तो बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे आणि १९१६ साली सुरू झाला.

ठाण्याच्या फलाटावर उतरलो आणि भाच्याचा पहिला प्रश्न आला. आमच्या घरात दख्खनी बोलतात, त्यामुळे प्रश्न असा होता: “खाला, ये स्टेशन किसका है?” म्हणजे कुणी बांधलं, कुणाचं. मला वाटलं, हाच तो उशाखालचा प्रश्न. दिवसभर तो येत राहणार.

मी म्हटलं, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी इथे आली. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, चौतीस किलोमीटर अंतर, एकवीस तोफांची सलामी. ओढायला तीन इंजिनं होती आणि त्यांची नावं होती साहिब, सिंध आणि सुलतान. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, हा रूळ खाडी ओलांडून आपल्या कल्याणला पोचला. पैसा आणि योजना कंपनीची. घाम ज्यांचा, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पोराने एवढंच लक्षात ठेवलं: साहिब, सिंध, सुलतान. दिवसभर छोटीला चिडवायला त्याला ते पुरलं.

स्टेशनपासून चालत मासुंदा तलावावर गेलो. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. काठाला कौपिनेश्वराचं देऊळ, जवळच चर्च, संध्याकाळी भेळपुरीवाल्यांची गर्दी. सकाळी मात्र शांत होतं, फक्त चालायला आलेली म्हातारी माणसं. ठाणे हे फार जुनं बंदर. चौदाव्या शतकात ओदोरिक नावाचा इटालियन साधू इथे येऊन गेला आणि त्याने या गावाबद्दल लिहून ठेवलं. पोर्तुगीज आले, त्यांनी किल्ला बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. तोच किल्ला पुढे तुरुंग झाला आणि आजही ठाणे कारागृह तिथेच आहे. “हा पण किल्ला?” भाच्याला पटेना. किल्ला म्हणजे डोंगरावर, असा त्याचा हिशेब.

तिथून सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला गेलो. तिथे ‘शाआर हाशमाइम’ नावाचं सिनेगॉग आहे, १८७९ चं. नावाचा अर्थ स्वर्गाचं दार. आम्ही ते बाहेरूनच पाहिलं. आत जायला आधी परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. ठाण्यात आजही बेने इस्रायली ज्यू कुटुंबं राहतात. कोकणच्या किनाऱ्यावर कित्येक शतकं त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांची घरची भाषा मराठी. आडनावं पाहा: रोहेकर, पेणकर, किहीमकर. भाचा म्हणाला, “हे तर आपल्यासारखंच. गावाचं नाव आणि कर.” कोकणी मुसलमानांतही अशी आडनावं रग्गड आहेत. मी काही बोलले नाही. एखादी गोष्ट मुलाने स्वतः पाहिली की शिक्षकाने मध्ये पडू नये, एवढं बी.एड.ला नाही पण वीस वर्षांच्या नोकरीत शिकले.

जुहरच्या सुमाराला आम्ही कल्याणला परत आलो आणि रिक्षा करून तलावावर गेलो. या तलावाला किती नावं! जुन्या कागदांत शेणाळे तलाव. लोकांच्या तोंडी काळा तलाव. गेल्या काही वर्षांत भगवा तलाव. रिक्षावाल्याला तिन्ही कळतात. पाणी तेच. काठाला बाळासाहेब ठाकरे यांचं स्मारक आहे आणि काठालाच काळ्या घडीव दगडातली, साडेतीनशे वर्षांहून जुनी काळी मशीद आहे. नावांच्या बाबतीत आपलं गावही काही कमी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कान्हेरीच्या लेण्यांना दान देणारे व्यापारी आपला पत्ता कल्याण असाच सांगतात. ते शिलालेख तिथे आहेत. ग्रीक दर्यावर्दींच्या पुस्तकात ते कल्लिएना आहे. सहाव्या शतकातल्या कॉस्मास नावाच्या प्रवाशाने इथे ख्रिस्ती वस्ती आणि इराणहून आलेला बिशप असल्याचं लिहिलं आहे. सुलतानी आणि मुघल काळात त्याचं नाव इस्लामाबाद झालं. ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही आणि गेलं. कल्याण राहिलं. नावं बदलणाऱ्यांनी आणि बदललेल्या नावांवर रडणाऱ्यांनी, दोघांनीही या गावात एकदा येऊन जावं.

अब्बा, दुल्हेभाई आणि भाचा नमाजला आत गेले. आपा, मी आणि दोन्ही मुली तलावाच्या काठावर बसलो. आम्हाला कुणी अडवलं नाही. आम्ही गेलोच नाही. ही सवय आहे आणि ती इतकी जुनी आहे की दिसतही नाही. ती दिसली ती आमच्या लेकीला. “अम्मी, दादा आतून बघून येणार. मी कधी बघणार?” आपा म्हणाली, “आपण घरी पढतो ना.” लेक म्हणाली, “मी पढायचं नाही म्हणत. बघायचं म्हणते.”

या प्रश्नाला माझ्याकडे एक पुस्तकी उत्तर होतं. २०२३ मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सर्वोच्च न्यायालयात लेखी सांगितलं आहे की बायकांना मशिदीत जाऊन नमाज पढायला मनाई नाही. जमातीला हजर राहणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, एवढंच. हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, “मग?” या ‘मग’चं उत्तर कुठल्याच प्रतिज्ञापत्रात नाही. ते गावोगावच्या मशिदींच्या कमिट्यांना द्यायचं आहे आणि आम्हा बायकांनाही.

कुर्तुबाची ती मशीद मला इथेच आठवायला हवी होती, पण तेव्हा मी ते फोटो पाहिले नव्हते. आता दोन्ही शेजारी ठेवून बघते. उर्दू शिकवणाऱ्याला कुर्तुबा ठाऊक असतंच, कारण इक्बाल १९३३ मध्ये तिथे गेले होते आणि ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही त्यांची नज्म ‘बाल-ए-जिब्रील’मध्ये आहे. आठव्या शतकाच्या अखेरीला अब्दुर्रहमानने ती मशीद बांधायला घेतली. पुढच्यांनी ती दोनशे वर्षं वाढवत नेली. १२३६ मध्ये शहर पडलं आणि मशिदीचं चर्च झालं. सोळाव्या शतकात कमानींच्या मधोमध मोठा कथीड्रल उभा केला. आज जगभरचे लोक तिकीट काढून तिथे जातात. बायकाही जातात, आमच्या सहकारी बाईंची जाऊही गेली. फक्त नमाज पढता येत नाही. आणि इकडे ही आपली काळी मशीद. तिला बघायला कुणी परदेशातून येत नाही, पण रोज पाच वेळा तिथे माणसं वुजू करून उभी राहतात. लहानशी असेल, पण जिवंत आहे. मला विचाराल तर मशिदीचं भाग्य कशात असतं, कमानींच्या संख्येत की तिथल्या जमातीत, याचं उत्तर सोपं आहे. फक्त त्या जमातीत माझी लेकही असावी, एवढी माझी पुरवणी.

भाचा बाहेर आला. “खाला, ये किसने बनाई?” मी त्याला नवायतांबद्दल सांगितलं. अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून समुद्रमार्गे आलेले व्यापारी या किनाऱ्यावर स्थायिक झाले, इथल्या बायकांशी लग्नं केली, इथली भाषा घेतली. आजच्या कोकणी मुसलमानांचे हे पूर्वज. पंधराव्या शतकात वारलेले माहीमचे मखदूम अली फकीह याच समाजातले. त्यांनी अरबीत कुरआनची तफसीर लिहिली. आदिलशाहीच्या वतीने कल्याणचा कारभार पाहणारा मुल्ला अहमद नवायत होता. पुढे औरंगजेबाच्या काळात इथे अंमल गाजवणारा मोतबरखानही नवायतच. त्याची कबर कल्याणातच आहे. “म्हणजे बाहेरून आलेले,” भाचा म्हणाला. मी म्हटलं, समुद्राकाठच्या गावात बाहेरून आलेलं कोण नसतं ते आधी सांग. आणि आपण तर नवायतही नाही. आपले खापरपणजोबा औशाजवळच्या खेड्यात सूत कातायचे आणि विणायचे. ते कुठून आले नाहीत. ते तिथेच होते. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुल्हेभाई मान खाली घालून धपाटे खात होते. कातणाऱ्या-विणणाऱ्यांचा वंश सांगण्यापेक्षा सगळ्यांनाच सय्यद व्हायला आवडतं, हेही त्या मौनात आलं.

दुपारी जुन्या कल्याणच्या गल्ल्यांतून चाललो. पारनाका, सुभेदारवाडा, सार्वजनिक वाचनालय. सुभेदारवाडा पेशवाईतला, रामाजी महादेव बिवलकर हे इथले नामांकित सुभेदार. वाचनालय १८६४ चं. त्याचं दार दुपारचं बंद होतं, पण पाटीवरचं साल मुलांनी दोनदा वाचलं. दीडशे वर्षांहून जुनी पुस्तकांची जागा आपल्या गावात आहे आणि मोबाईलचं नवं दुकान आपल्याला आधी दिसतं.

याच कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना. नवव्या वर्षी लग्न होऊन ती आनंदीबाई झाली. बाळंतपणात मूल गेलं तेव्हा चौदा वर्षांची होती. वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचलं असतं, हे तिच्या मनाने घेतलं आणि ती समुद्र ओलांडून अमेरिकेला गेली. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, क्षयाने गेली. तिची रक्षा अमेरिकेत पोकीप्सी गावच्या दफनभूमीत ठेवली आहे. लेकीने हे सगळं उभ्याने ऐकलं. “चौदा म्हणजे दादाएवढी?” हो, दादाएवढी. भाच्याने पहिल्यांदाच मान वर करून गल्लीकडे नीट पाहिलं. तिथे त्याने ‘ये किसका है’ विचारलं नाही.

आता उरला दुर्गाडी. खरं तर सगळा दिवस तिकडेच चालला होता.

दूध नाक्यावर चहा घेताना दुल्हेभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, “तिथं जायलाच पाहिजे का? आपाच्या अंगावर बुरखा, माझ्या डोक्यावर टोपी. उगाच कुणी काही बोललं तर पोरांसमोर…” त्यांची भीती खोटी नव्हती. कल्याणकरांना हे माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगते. दुर्गाडी किल्ल्यावर दुर्गादेवीचं मंदिर आहे आणि तिथेच ईदगाहही आहे. जागेच्या मालकीवरून जुना वाद आहे. १९७६ मध्ये मुस्लिम पक्षाने दाखल केलेला दावा कल्याणच्या दिवाणी न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळला. बकरी ईदच्या सकाळी नमाजाच्या वेळेत मंदिरात प्रवेश बंद असतो, म्हणून लाल चौकीला घंटानाद आंदोलन होतं. हे कित्येक वर्षं चालू आहे. त्या दिवशी गावात जेवढे नमाजी तेवढे पोलीस.

माझं म्हणणं एवढंच होतं की ज्या पोराने किल्ल्यावर जायला नकार दिला त्याला आपण किल्ल्याच्या पायथ्यावरून परत नेलं, तर त्याच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न आपणच खरा केला. आपाने ऐकलं आणि काही न बोलता ती रिक्षात जाऊन बसली. आमच्या घरात निर्णय असे होतात.

किल्ला उंच नाही. खाडीच्या काठची टेकडीच ती. चढताना भाच्याचा वेग वाढला, वेडाने वेड ओळखलं. वर वारा होता. मंदिरात दर्शनाला आलेली माणसं होती, पोरंटोरं होती, दिवाळीचे नवे कपडे होते. आम्ही बाजूने जाऊन उल्हास नदीच्या खाडीकडे तोंड करून उभे राहिलो. ज्यासाठी आलो होतो ते पाणी समोर होतं.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतलं. समुद्र हवा तर जहाजं हवीत, हे ओळखून याच खाडीत त्यांनी गलबतं बांधायला सुरुवात केली. पोर्तुगीज कारागीर कामाला होते. मराठ्यांच्या नौदलाची सुरुवात ही. पुढे त्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे मोठे अधिकारी झाले. मायनाक भंडारीही त्यात होता. दर्यासारंग, दौलतखान ही नावं मला तोंडपाठ आहेत. शिवजयंतीला शाळेत बोलायला उभं केलं की मुसलमान शिक्षिकेकडून हीच यादी अपेक्षित असते. यादी खरी आहे. तिचा मला अभिमान आहे आणि कंटाळाही आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या आरमारी अधिकाऱ्याचं नाव हे माझ्या आजच्या राहण्याचं प्रमाणपत्र कशासाठी? म्हणून भाच्याला मी नावं सांगितली, पण आधी खाडी दाखवली, जहाज कसं बांधतात ते सांगितलं आणि मग नावं, जशी ती आली तशी.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट त्याला पाठ होतीच, महाराष्ट्रात ती कुणाला पाठ नसते. त्या प्रसंगाला समकालीन कागदपत्रांत आधार सापडत नाही, असं अभ्यासक सांगतात. “म्हणजे खोटी?” त्याने विचारलं. मी म्हटलं, लोकांनी साडेतीनशे वर्षं आपल्या राजाबद्दल काय सांगत राहायचं निवडलं, ते बघ. शत्रूच्या घरच्या बाईला मानाने परत पाठवणारा राजा त्यांना हवा होता. पुरावा नसला तरी ती इच्छा खरी आहे. आणि ती इच्छा आपल्यालाही उपयोगाची आहे.

मग मी त्याच्याशी माझा आवडता खेळ खेळले. मी भाषेची बाई आहे, मला दुसरं काय येतं! म्हटलं, आता इथे जे दिसतं त्याची मराठी नावं सांग. तो म्हणाला, किल्ला. अरबी. बुरूज. अरबी. दरवाजा. फारसी. आरमार. पोर्तुगीज, आर्मादावरून. खाडी. ती आपली. दुर्गा. संस्कृत. आता भांडणातले शब्द सांग. दावा, हक्क, मालकी, वकील, तारीख, कज्जा. सगळे अरबी. तो हसायला लागला. ही जागा तुमची नाही, असं मराठीत ठासून सांगायचं तरी निम्मे शब्द आमच्याकडून उसने घ्यावे लागतात. महाराजांच्या दरबारात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. तरी किल्ला किल्लाच राहिला. उलटही खरं आहे. आपण घरात बोलतो ती दख्खनी. ‘नक्को’ कुठून आलं? मराठीच्या ‘नको’तून. ‘मैंच करतूं’ मधला ‘च’ कुठून आला? मराठीतून. लखनौचा माणूस आपली उर्दू ऐकून हसतो, आणि तो ज्याला हसतो ते मराठी आहे. तुझ्या जिभेवर जे आहे ते आधी बघ, मग जमिनीकडे वळू.

एवढ्यात एक कुटुंब जवळ आलं. त्यातल्या गृहस्थांनी दुल्हेभाईंच्या हातात मोबाईल दिला, “काका, आमचा एक काढता का? खाडी आली पाहिजे मागे.” दुल्हेभाईंनी टोपी सावरली आणि तीन-चार काढले, एक आडवा, दोन उभे. त्यांनी आमचाही काढला. नावगाव कुणी कुणाला विचारलं नाही. यात मी फार अर्थ शोधत नाही. एका फोटोने कोर्टातला दावा मिटत नाही, आणि त्याच जागी ईदच्या दिवशी उभं राहिलं तर वारा वेगळा असतो, हेही मला माहीत आहे. पण घडलं ते असं, म्हणून लिहिलं.

उतरताना भाच्याने अखेर नीट विचारलं. “खाला, पण हे कोणाचं?” या वेळी मराठीत. मी म्हटलं, सातबारा आणि निकाल कोर्टाच्या भाषेत असतात, त्याचं उत्तर कोर्ट देईल आणि ते आपण मानू. अपील करायचं तेही कोर्टातच. पण माहिती कुणाच्या मालकीची नसते. जो पाहतो, वाचतो, सांभाळतो, त्याच्याकडे ती राहते. पुढच्या वेळी कुणी विचारलं, तुमचं काय आहे इथे, तर त्याला विचार, तुला या किल्ल्याबद्दल काय माहीत आहे, आणि मग दोघं मिळून बघा.

तो गप्प राहिला. त्याला पटलं की नाही, मी सांगू शकत नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात एका दिवसात काही सरकतं यावर माझा विश्वास नाही, आणि त्या मुलाच्या वर्गातलं वातावरण माझ्या खेळाने बदलणार नाही. तिथे त्याच्या शिक्षकांचं काम आहे. माझ्या पेशाच्या लोकांना हे मी मुद्दाम सांगते: सहलीत असा प्रश्न कानावर पडला तर तो सोडून देऊ नका. किल्ल्याच्या भिंतीजवळ उभं राहून त्याचं उत्तर द्यायला पाच मिनिटं पुरतात. वर्गात परतल्यावर ते उत्तर शिळं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते लातूरला परत गेले. गाडी फलाटावर लागली तेव्हा आपाने सांगितलं, जानेवारीत शाळेची पुन्हा सहल आहे. पैसे भरायची तारीख अजून गेलेली नाही. मी काही विचारलं नाही.

तुम्ही ठाणे-कल्याणच्या बाजूला राहत असाल तर एक रविवार काढा. मुलांना घेऊन जा, विशेषतः मुलींना. खर्च फारसा नाही, लोकलचं तिकीट, दोन रिक्षा आणि चहा. जाताना आपल्या गावाबद्दल एखादं पुस्तक आधी वाचून जा. नाही तर मुलं विचारतील आणि तुम्ही मोबाईल बघत बसाल. आणि सार्वजनिक वाचनालयाच्या वेळा आधी बघून घ्या. आम्हाला दार बंद मिळालं, तुम्हाला उघडं मिळो.